ज्याचा त्याचा पंख

देवाने माणसाला पंख दिले नाहीत. द्यायचे राहून गेले असे नाही. दोन भाऊ डोळ्यांपुढे आणून त्याने नीट विचार केला असणार. पण माणूस ऐकतो कुठे? या दोघा भावांनी स्वतःच पंख केले, आणि तेही वाटून घेऊन, एकाने डावा, दुसऱ्याने उजवा.

थोरला उभी हयात नकाशे काढून निवृत्त झालेला. रेघ मारण्याआधी कागदालाही ताठ बसायला सांगणारा. धाकट्याचे फर्निचरचे दुकान. त्याचा नकाशावर विश्वास नाही, डोळ्यावर. एक डोळा मिटून फळीच्या कडेने पाहिले की तिचा बाक लपत नाही, असे तो म्हणायचा. आपल्या हातांनी दोन माणसांपुरते विमान बांधायचे हे दोघांचे लहानपणापासूनचे वेड. धड दोघांनी मिळून बांधले, पण बांधताना इतके वाजले की पंखांच्या वेळी वाटणी झाली. डावा पंख थोरल्याने गाडीच्या शेडमध्ये केला, उजवा धाकट्याने दुकानाच्या मागे. एकाने दुसऱ्याचे काम पाहायला जायचे नाही, हा अलिखित करार.

"एका सदऱ्याच्या दोन बाह्या कुणी दोन शिंप्यांकडे टाकतं का?" थोरल्याची बायको म्हणाली.

"माझी बाही बरोबर आहे," थोरला म्हणाला. "त्याच्या बाहीचं तो बघेल."

आता उडवायचे कुणी? दोघेही शिकायला गेले होते. थोरला वर गेल्यावरही पुस्तकात बघायचा आणि धाकटा शिकवणाऱ्यालाच शिकवायचा, त्यामुळे दोघांची गाडी परवान्यापर्यंत पोचली नाही. पण घरात ताई होती. दोघांहून मोठी. तिने वर्षानुवर्षे शेतांवर औषध फवारणारी विमाने चालवली होती, इतकी खाली की उभे पीक वाकून नमस्कार करायचे. ती हो म्हणाली, पण एक अट घातली.

"एका उड्डाणाला एकच बदल. आणि तो सगळ्यांसमोर सांगून करायचा. गुपचूप कुणी स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही."

दोघांनी माना डोलावल्या. प्रवचनात डोलतात तशा. बाहेर येऊन चपलेत पाय सरकवला की त्या माना पुन्हा ताठ होतात, हे ताईला ठाऊक असायला हवे होते. पण बहीण ती. तिने विश्वास ठेवला.

पहिल्या उड्डाणाला विमान छान उठले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई उतरली आणि म्हणाली, "सगळं ठीक आहे. फक्त डावीकडे कलतंय. दांडा सतत उजवीकडे धरून ठेवावा लागतो."

"डावीकडे कलतंय म्हणजे डावा पंख कमी उचलतोय," धाकटा लगेच म्हणाला आणि आकाशाकडे पाहू लागला.

"किंवा उजवा नको तितका उचलतोय," थोरला म्हणाला. "काही लोक डोळा मिटून काम करतात."

"एकच डोळा मिटतो मी, दादा. तुझे दोन्ही उघडे असून काय उजेड पडला?"

आता, असा कल घालवणे हे काही मोठे काम नव्हे. पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर वरखाली होणारी एक फळी असते, आणि त्या फळीच्या टोकाला बोटभर रुंदीची पत्र्याची पट्टी. पट्टी पकडीने जराशी वाकवली की विमान सरळ होते. दोन्ही पंखांच्या फळ्या आतून जोडलेल्या, त्यामुळे कुठल्याही एकाच पंखाची पट्टी वाकवली तरी पुरते. पण ज्याच्या पंखाची पट्टी वाकवायची त्याचा पंख वाकडा, असा या घरात अर्थ झाला होता. तेव्हा दोघेही म्हणाले, माझ्या पट्टीला हात लावायचा नाही. ताई म्हणाली, "बरं. तशीच आणखी एकदा उडवून बघते."

माणसाचे मन मोठे चमत्कारिक. चारचौघांत जो छाती काढून फिरतो, तोच एकटा असला की आतून पोखरलेला असतो. थोरल्याला अन्न गोड लागेना. शेडच्या फरशीला उतार आहे, हे त्याला पंख पुरा झाल्यावर कळले होते. त्याने ते कुणाला सांगितले नव्हते. धाकट्याला वेगळाच किडा. ज्या डोळ्याने तो फळी पाहायचा, त्या डोळ्याला हल्ली चष्मा लागला होता, आणि तो चष्मा दुकानाच्या खणात पडून असायचा. दोघांनाही मनातून खात्री होती, की चूक आपलीच. मग दोघांनीही तेच केले जे अभिमानी माणूस करतो. कबूल न करता दुरुस्ती केली. थोरला सकाळी फिरायला म्हणून गेला आणि आपली पट्टी वाकवून आला. धाकटा दुपारी दुकान बंद करून गेला आणि आपली. दोघांनी माप तेच घेतले, एकाच पट्टीने सगळा कल जाईल एवढे. औषध दुप्पट झाले.

दुसऱ्या उड्डाणाला विमान उजवीकडे कलले.

ताई उतरली ती बुचकळ्यात. "कुणी हात लावला होता का?"

"छे," थोरला म्हणाला.

"मी कशाला लावू?" धाकटा म्हणाला.

मग दोघांनीही, पुन्हा आपापल्या वेळी, आपापली पट्टी सरळ केली. तिसऱ्या उड्डाणाला विमान डावीकडे. विमानतळावरचे रिकामटेकडे आता चहाचे पेले घेऊन भिंतीवर बसू लागले आणि आज डावं की उजवं यावर बोलू लागले. एक म्हणाला, "विमान नाही, वडिलांच्या मृत्युपत्रानंतरचं घर आहे हे."

यात हसण्यासारखे पुष्कळ होते, पण पुढची चाचणी हसण्यासारखी नव्हती. तपासनीस म्हणून जो शांत, पोट सुटलेला गृहस्थ यायचा, त्याने सांगितले, आता वेग तोडून बघायचा. म्हणजे उंच जायचे, इंजिनाचा जोर काढायचा आणि नाक वर धरून ठेवायचे, हवा पंख सोडेपर्यंत. दोन्ही पंखांना हवेने एकदम सोडले तर नाक सरळ खाली येते आणि विमान पुन्हा सावरते. एकाला आधी सोडले, तर विमान त्या अंगावर कोसळते आणि गिरक्या घेत खाली निघते. "पंखांच्या पट्ट्या आहेत तशाच ठेवा," तो म्हणाला. "बाईंना ठाऊक असलेलंच विमान बाईंच्या हातात पाहिजे." दोघांनी पुन्हा माना डोलावल्या.

ताईने आदल्या संध्याकाळी उतार मापायची आपली पाणसळ घेतली आणि त्या एकाच पाणसळीने दोन्ही पंख मापले. मग ती बराच वेळ पंखाला टेकून उभी राहिली. घरी गेली तेव्हा कुणाला काही बोलली नाही.

चाचणीच्या दिवशी ती लवकर आली. उड्डाणाआधी डोळे मिटून चालकाच्या जागेवर बसायचे आणि कुठला हात कुठे जाईल याची तालीम करायची, ही तिची जुनी सवय. विमानाच्या बसायच्या जागेवर उन्हासाठी कापडी खोळ होती. ती खोळीच्या आतच शिरली आणि बसली. म्हणून पुढचे सगळे तिने ऐकले.

आधी उजवीकडून पावले आली. मग डावीकडून. दोन्हीकडे पत्रा करकरला. मग विमानाच्या पोटाखाली दोघांना एकमेकांचे पाय दिसले.

"कोण आहे?" थोरल्याने विचारले, जणू चपला ओळखीच्या नव्हत्या.

"मी. चिमण्यांनी घरटं केलंय का बघत होतो."

"पकड घेऊन?"

"तुझ्या हातात काय आहे, दादा? टूथब्रश?"

मग थोरला खालच्या आवाजात म्हणाला, "मी माझी वाकवली. आत्ताच."

"मीपण."

"मागच्या वेळीपण?"

"प्रत्येक वेळी."

"अरे, म्हणजे दोन्ही वाकल्यात. ताई वर गेली आणि उजवीकडे..."

"सरळ कर तुझी. लवकर."

"माझीच का? तुझी कर."

"दोघं करू."

तेवढ्यात तपासनिसाची मोटार येऊन उभी राहिली. मागोमाग वहिनी, भिंतीवरची मंडळी, सगळे आले. दोन्ही पकडी दोन्ही खिशांत गेल्या. पट्ट्या वाकलेल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. आणि खोळीच्या आत ताईने डोळे उघडून ठरवले, की आज विमानाची चाचणी नंतर घ्यायची. आधी भावांची. विमान धावपट्टीला लागेपर्यंत ते बोलले नाहीत, तर खाली उतरायचे आणि या विमानात पुन्हा पाय ठेवायचा नाही. या घरातही फारसा नाही.

ती मागच्या बाजूने उतरली, वळसा घालून आली आणि खोळ काढली.

"सगळे तयार?" तिने विचारले. "कुणाला काही सांगायचं आहे?"

थोरल्याने आभाळाकडे पाहिले. "वारा बरा आहे," तो म्हणाला.

"तुला रे?"

"सावकाश जा, ताई," धाकटा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"बोलायचं असेल तर आत्ताच बोला. वर मला ऐकू येत नाही."

दोघांनी खिशातल्या पकडी घट्ट धरल्या. तिच्या चेहऱ्यावरचे काहीतरी मावळले, ते फक्त वहिनीने पाहिले. ताई आत बसली, पट्टा बांधला, इंजिन चालू केले. पंखा गरगरला, गवत झोपले. विमान हळूहळू सरकू लागले.

आणि मग थोरला धावला. आयुष्यात बसमागेसुद्धा न धावलेला माणूस. त्याने जाऊन शेपूट धरले. पंख्याच्या वाऱ्याने त्याचा चष्मा उडाला, सदरा डोक्यावर गेला, तरी तो शेपूट सोडेना आणि काहीतरी ओरडत राहिला. इंजिनाच्या आवाजात कुणाला अक्षर कळेना. ताईने मागे वळून पाहिले. त्याने आणखी घसा ताणला. त्याच क्षणी तिने इंजिन बंद केले, आणि साऱ्या मैदानावर, भिंतीवरच्या पेल्यांपर्यंत, थोरल्याचा आवाज स्वच्छ घुमला.

"माझा पंख वाकडा आहे."

भिंतीवर कुणीतरी चहा सांडला. तपासनीस खाली बघत राहिला. सभ्य माणूस होता. थोरला सदरा खाली ओढत म्हणाला, "फरशीला उतार होता. मला ठाऊक होतं. मी गुपचूप पट्टी वाकवली, ताई. दर वेळी. आजही."

"त्याचा नाही," धाकटा धापा टाकत येऊन म्हणाला. "माझा आहे. मला नीट दिसत नाही."

"तुझा कसा? माझा आहे."

"दादा, एवढं तरी मला घेऊ दे. सगळं तुलाच पाहिजे असतं."

घटकाभरापूर्वी जिला कुणी वाली नव्हता, त्या चुकीवर आता दोन वारसदार भांडत होते. अहंकार असा असतो. पुढच्या दारातून हाकला, तर नम्रतेचे उपरणे पांघरून मागच्या दाराने आत येतो आणि पहिल्या रांगेत बसतो.

"झालं?" ताई म्हणाली. "मी काल मापलेत. दोन्ही पंख सारखे आहेत. केसभरही फरक नाही."

दोघे तिच्याकडे बघत राहिले. आनंद व्हायला हवा होता, पण दोघांच्याही चेहऱ्यावर काहीतरी हरवल्यासारखे होते.

"मग कलतं का?" धाकट्याने विचारले.

"मी एकटी डावीकडच्या जागेवर बसते, उजवी रिकामी. माझं वजन ध्यानात घेतलं होतं का कुणी?"

घेतले नव्हते. नकाशात नव्हते आणि डोळ्यालाही दिसले नव्हते. दोघांच्या मधे बहीण बसते हे दोघांनाही सुचले नव्हते.

"बघा," वहिनी म्हणाली, "घरातली बाई किती हलकी धरता ते."

ताईने दोन्ही पट्ट्या सगळ्यांसमोर सरळ करायला लावल्या. मग एकच वाकवली, जराशी. कुणाची, ते कुणी विचारले नाही. ती एक साधी फेरी मारून आली, उतरली नाही, फक्त अंगठा दाखवला आणि तशीच उंच गेली, ठिपक्याएवढी होईपर्यंत. इंजिनाचा आवाज मंदावला. नाक वर गेले. सगळे मैदान श्वास रोखून उभे राहिले. धाकट्याचे ओठ हलत होते; थोरल्याने हात जोडले होते, आणि कुणी पाहिले तर पाहिले, त्याची त्याला पर्वा नव्हती. वरच्याने त्या क्षणी दोघांचेही ऐकले असावे. नाक सरळ खाली आले, ना डावीकडे, ना उजवीकडे, आणि आवाज पुन्हा भरून आला.

तपासनिसाने समाधानाने मान हलवली. वहिनीने डोळे पुसले. ताई उतरू लागली, चाके जमिनीला टेकली, आणि विमान किंचित उजवीकडे ओढत गेले.

"चाकं ओढतायत," थोरला म्हणाला.

"चाकं कुणी बसवली होती?" धाकट्याने विचारले.

"आपण दोघांनी."

मग धाकट्याने एक डोळा मिटला, थोरल्याने गवतातून शोधलेला चष्मा पुसून लावला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच दोघांचे एकमत झाले, की धावपट्टीच वाकडी आहे.