आईसाठी जागा

वीणाने सासूबाईंच्या अंगावरचं ब्लँकेट वर ओढलं आणि नर्सला सांगितलं, की कुठल्या नर्सिंग होममध्ये न्यायचं हा प्रश्नच नाही. नवऱ्याचं, गिरीशचंच आहे, इथे नेपरव्हिलमध्येच.

"तिथे नको," गिरीश म्हणाला.

तो इतक्या पटकन म्हणाला, की मराठी न कळणाऱ्या नर्सनेही मान वर केली.

नागपूरहून अमेरिकेत मुलाकडे आलेल्या सुमित्राबाई दारातल्या बर्फावरून घसरल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, पण पुढे काही आठवडे उठवायला-बसवायला माणसं हवी होती. म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं, हाच तर गिरीशचा धंदा. थोड्याच वर्षांत त्याची एकाची चार नर्सिंग होम्स झाली, तळ्याकाठी मोठं घर झालं. वीणाने मात्र तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. ती येते म्हणाली की तो काहीतरी कारण काढायचा, आणि खरं तर तिलाही ते बरंच वाटायचं.

कोपऱ्यात त्यांची मुलगी आरोही शाळेत लावलेली कादंबरी वाचत होती. जुनी, अमेरिकन, पापाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या एका घराण्याची. पानात बोट ठेवून तिने वर पाहिलं.

"बट बाबा, व्हाय नॉट अवर्स?"

जागाच नाही, सगळं फुल आहे, असं गिरीश म्हणाला. परवाच जेवता जेवता तो रिकाम्या बेड्सवरून मॅनेजरला फोनवर झापत होता. वीणाने ते ऐकलं होतं.

इतका वेळ झोपल्यासारख्या पडलेल्या सुमित्राबाईंनी डोळे उघडले. नागपुरात त्या सगळ्यांना सांगत, माझा मुलगा तिकडे म्हाताऱ्यांची सेवा करतो.

"मला तिथेच ने," त्या म्हणाल्या. "मुलाचं असताना परक्याकडे कशाला?"

गिरीश पलंगाचा दांडा धरून उभा राहिला. मग फोन करून येतो म्हणत बाहेर गेला. थोड्या वेळाने वीणाही उठली.

कॉरिडॉरच्या टोकाला, खिडकीकडे तोंड करून तो मॅनेजरशी बोलत होता. हीटर आजच्या आज दुरुस्त करून घ्या. गादी नवी आणा. रात्री एक नर्स जागी ठेवा. आणि शांत पडून राहावं म्हणून सगळ्यांना देता ती गोळी आईला द्यायची नाही. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नो, नॉट द होल विंग," गिरीश म्हणाला. "जस्ट हर रूम."

वीणा आवाज न करता मागे फिरली. सुमित्राबाईंनी विचारलं, ठरलं का. तिने खुर्ची जवळ ओढली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"ठरलं. मीही येते राहायला."

"आपण दोघी मावू का गं एका खोलीत?"

गिरीश दारात येऊन थांबला होता. वीणाने त्याच्याकडे पाहिलं.

"त्या खोलीत नाही," ती म्हणाली. "शेजारच्या. आहे तशीच चालेल मला."