उजवीकडची वाटी

मत्सर विनाकारण जळतो असे म्हणण्याची पद्धत आहे. ती चुकीची आहे. मत्सराला कारण लागतेच. ते सांगायला गेले की हास्यास्पद ठरते, एवढेच, म्हणून माणसे ते सांगत नाहीत. त्या घरातल्या थोरल्या सुनेचे कारण वाटीत मावेल एवढे होते, आणि धाकट्या जावेने कुटलेल्या चटणीच्या रूपाने ते दर रविवारी जेवणाच्या टेबलावर येऊन बसत होते.

सासूबाई गेल्यापासून टेबलाच्या मधोमध ठेवायची चिनी मातीची पांढरी बरणी थोरलीच्या ताब्यात होती. तोंडीलावणी कितीही होवोत, बरणीत असेल ते घरचे आणि उरलेले नुसते सोबतीला, असा सासूबाईंचा दंडक. बरणीत थोरलीचा टोमॅटोचा सॉस असे: मंद आचेवर आटवलेला, लसूण आणि व्हिनेगर घातलेला, मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळलेला. चमच्यावरून ओघळताना तो कुठे म्हणून अडखळत नसे. आणि त्यावर पसंतीची मोहोर होती ती मामंजींची. मामंजी म्हणजे चवीच्या बाबतीत कोणी साधेसुधे सासरे नव्हेत. सॉसच्या कारखान्यात चव तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती. त्यांनी मान हलवल्यावाचून एकही कढई बाटल्यांत उतरत नसे. घरीही ते डोळे मिटूनच चाखत. रंग जिभेला लाच देतो, असे त्यांचे म्हणणे होते.

धाकटी लग्न होऊन आली ती आपली चटणी घेऊन. भाजलेले टोमॅटो, मिरची, आणि वर भोपळ्याच्या बिया भाजून जाडसर कुटलेल्या. मामंजी तिला "ठीक आहे, जमेल हळूहळू" म्हणत राहिले तोवर थोरलीला ती सख्ख्या बहिणीसारखी वाटत होती. पण हिवाळ्यातल्या एका लांबलेल्या तापातून मामंजी उठले आणि त्यांचा कौल फिरला. रविवारमागून रविवार धाकटीची वाटी चाटूनपुसून रिकामी होऊ लागली. थोरलीच्या वाटीत चमचा एकदा बुडे आणि बाजूला ठेवला जाई. "छान आहे," ते म्हणत. छान! हा शब्द शेजाऱ्यांच्या मुलाने काढलेल्या चित्राला लावायचा असतो.

"तुम्हाला काही दिसतं की नाही?" तिने नवऱ्याला विचारले.

"काय दिसायचं?"

"पुढे पुढे करते ती. सकाळचा चहा तिचा, औषध तिच्या हातचं. मग चटणीही तिचीच गोड लागणार."

"चटणी तिखट असते," नवरा म्हणाला.

"हसा. उद्या बरणी जाईल, तेव्हाही हसा."

आणि विषय निघाला तो बरणीचाच. एका रविवारी दिराने बोट चाटत विचारले, "बाबा, मग आता बरणीत हिचीच चटणी भरायची का?" धाकटीने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिले, पण बाण सुटला होता. मामंजी जरा घुटमळले. "पुढच्या रविवारी दोन्ही वाट्या समोर ठेवा," ते म्हणाले. "बघू."

थोरलीचा तो आठवडा डोक्यात वाद घालण्यात गेला. मामंजींची जीभ चुकत नाही, हे गृहीत. सॉस बदललेला नाही, हेही निश्चित. मग चुकते ते मन. तापात धाकटीने उशापायथ्याशी बसून सेवा केली, तिची परतफेड वाटीतून चालली आहे. हा चवीचा न्याय नव्हे, पक्षपात आहे. आणि पक्षपात उघडा पाडणे कठीण नसते. मामंजींच्या उजव्या हाताला थोरलीची वाटी आणि डाव्या हाताला धाकटीची, ही जुनी रीत. वाट्यांची अदलाबदल करायची. ते सवयीने डावीकडचीच वाहवा करतील, आणि मग चारचौघांत शांतपणे म्हणायचे, मामंजी, तो तर माझा सॉस! या वाक्याची तिने भांडी घासताना इतक्यांदा तालीम केली की एक बशी फुटली.

रविवारी तिने तसेच केले. कोणी पाहिले नाही. धाकटीने पाहिले असेल, पण ती पाणी वाढत होती आणि वाढतच राहिली. मामंजींनी डोळे मिटले. आधी डावीकडचा चमचा. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. मग उजवीकडचा. दातांखाली काहीतरी कुरकुरले, आणि म्हातारा चेहरा उजळत गेला.

"थोरले!" ते म्हणाले. "आज कमाल केलीस. बरणी तुझीच!"

नवऱ्याने तिच्या पाठीवर थाप मारली. दीर म्हणाला, "वहिनी, आता तुमच्यापुढे बोलायची सोय नाही." थोरलीचे तालमीतले वाक्य फुकट गेले. ज्या शब्दांसाठी ती तीन महिने झुरली ते शब्द तिला मिळाले होते, आणि ते दुसरीच्या बियांसाठी होते. पक्षपात असता तर परवडला असता. पक्षपातावर रागावता तरी येते. ही तर निखळ दाद होती. तिने धाकटीकडे पाहिले. आता ती बोलणार, हात दाखवून अवलक्षण होणार! पण धाकटीने ताकास तूर लागू दिली नाही. "अभिनंदन, ताई," ती म्हणाली आणि भाताचे भांडे पुढे केले.

जेवणे झाल्यावर थोरलीने तिला स्वयंपाकघरात गाठले.

"बोलली का नाहीस? उपकार करतेस?"

"वाट्या तुम्ही बदललात, ताई. मी काय बोलू?"

"मग सरळ सांग की माझा सॉस त्यांना आवडेनासा झालाय."

धाकटीने दार लोटून घेतले. "त्यांना कुठलाच सॉस कळत नाही. तापानंतर चव गेली, वासही गेला. मी एकदा चुकून चहात साखरेऐवजी मीठ घातलं. सबंध कप प्यायले, वर म्हणाले, झकास. मी माझ्या कपातला घोट घेतला आणि बेसिनकडे पळाले. तेव्हा त्यांना कळलं की मला कळलं."

"आणि बिया?"

"जिभेला कळत नाही, पण दातांना कळतं ना. त्यांना खाताना काहीतरी लागावं, म्हणून हल्ली जास्त घालते."

थोरली ओट्याला टेकली. "मला का नाही सांगितलं?"

"तुम्हालाच तर सांगायचं नव्हतं. म्हणाले, थोरलीला कळलं तर ती आजवरची माझी दादसुद्धा तपासायला बसेल. म्हणून नावाला दोन्ही वाट्या चाखतात. बरणीचा विषय निघाला तेव्हा चाखायला नाही म्हणायची सोयच राहिली नाही त्यांना."

हे ऐकून थोरलीला बरे वाटायला हवे होते. तसे ते वाटलेही, पण पुरते नाही. मामंजींना भीती वाटली ती तिच्या मताची, हा मान खरा. तरी ज्या कपाने त्यांचे गुपित फोडले तो कप धाकटीच्या हातचा होता. बरणी मिळाली होती आणि विश्वास भलतीकडेच राहिला होता.

"बिया किती भाजायच्या?" तिने तुटकपणे विचारले.

"तडतड थांबायच्या जरा आधी उतरवायच्या."

"जरा आधी म्हणजे कधी?"

"ते ऐकू येतं, ताई."

ऐकू येतं म्हणे! पुढच्या रविवारी थोरली कढईवर कान लावून उभी राहिली. पहिला घाणा करपला, दुसरा कच्चा राहिला, तिसऱ्याला तिला ते ऐकू आले. दोनदा गाळलेल्या रेशमासारख्या सॉसमध्ये तिने स्वतःच्या हाताने त्या खरबरीत बिया लोटल्या, तेव्हा तिला आपल्याच अंगावर ओरखडा उठल्यासारखे झाले. बरणी भरून तिने टेबलावर ठेवली.

मामंजींनी डोळे मिटून घास घेतला. कुरकुर ऐकू आली. "वा!" ते म्हणाले. "आणि मीठ अगदी नेमकं पडलंय, थोरले."

दिराने घास तोंडात घातला आणि त्याचे तोंड वाकडे झाले. "वहिनी, यात तर मी... आई गं!"

"काय झालं रे?" मामंजींनी विचारले.

"काही नाही, बाबा," दीर बायकोकडे पाहत पाय चोळू लागला. "मुंगी चावली."

थोरलीने सॉस जिभेला लावला. बियांच्या नादात ती मीठच विसरली होती. मामंजींच्या नकळत मीठदाणी फिरवावी म्हणून तिने हात लांब केला, तर मीठदाणी जागेवर नव्हती. ती टेबलाच्या कडेखालून एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर सरकत तिच्या नवऱ्यापर्यंत पोचलीदेखील होती, आणि धाकटी साळसूदपणे ताटातला उकडलेला बटाटा सोलत होती. यातही तीच आधी!

मामंजींचा चमचा पुन्हा बरणी शोधू लागला. धाकटीचा हात उठला. त्याच्या आत थोरलीने बरणी उचलून त्यांच्या उजव्या हाताला टेकवली.

"घ्या ना, मामंजी," ती म्हणाली. "तळाशी बिया जास्त आहेत."