दोन टेप समोरासमोर

कॅसेट भरायची असली की आधी भिंतीवरचं घड्याळ उतरवून गोधडीत गुंडाळायचं. मग कोंबड्या बाहेर, खिडकी बंद, आणि दोन टेपरेकॉर्डर जमिनीवर समोरासमोर. एक गाणार, दुसरा ऐकणार. पालमच्या आमच्या घरात कॅसेटी अशाच भरल्या जायच्या. गाणं संपेपर्यंत खोलीत कुणी खोकायचंही नाही.

विकत कुणी देत नसे, घेत नसे. कोरी कॅसेट आणायची, भरून न्यायची, पुढे मागेल त्याला भरून द्यायची. आणि शेवटी भरणाऱ्यानं आपलं नाव बोलायचं: मी अमका, अमक्या गावचा, अमक्याकडून घेतली. त्यात मोठा अभिमान असे. जितके हात फिरतील तितकी कॅसेटच्या शेवटी नावांची रांग वाढायची, आणि गाण्याचा आवाज थोडा थोडा विरत जायचा. नामांतराच्या त्या वर्षांत गाणी याच वाटेनं जिल्हाभर गेली.

सरजाबाई सभांमधून विद्यापीठाच्या नावाचं एक लांबलचक गाणं गायच्या. त्या वारल्या त्याच उन्हाळ्यात एका सभेत दगडफेक झाली, आणि पोलीस कॅसेटी शोधत फिरू लागले. कॅसेटवर नावं असतात हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

दत्तराव परभणीहून भर दुपारी एसटीनं आले. माझे वडील शाळामास्तर. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दत्तरावांनी पाण्याचा तांब्यासुद्धा हातात घेतला नाही.

“गुरुजी, सरजाबाईची कॅसेट जाळा. जीप इकडंच यायलीय.”

“बाकीच्यांच्या कुठं हायत?”

“सगळ्यांनी चुलीत घातल्या. तुमची एकच राहिली.”

“मग जाळून कसं चालंल? बाई पुन्हा गायला येणार हाय का?”

“आवो, नावं हायत तिच्यावर! माझंबी हाय!”

“नावं सोडून गाणं तेवढं उतरवू. ते घेऊन तुमी मागच्या दारानं निघा.”

“आन मधीच जीप आली तर?”

दादांनी मला घड्याळ उतरवायला सांगितलं.

सरजाबाई गाऊ लागल्या. त्यांना घाई नव्हती. एकेक ओळ दोनदा, मधे ढोलकी, मग लोकांच्या टाळ्या. गाण्याला ढकलून पुढे नेता येत नव्हतं. दत्तरावांच्या हनुवटीवरून घाम टपकत होता आणि प्रत्येक थेंब जमिनीवर पडण्याआधी ते तळहातावर झेलत होते. मी घड्याळाची गोधडी पोटाशी धरून बसले होते.

जीपचा आवाज आधी पारापाशी आला. मग गल्लीत. मग दारात येऊन बंद पडला.

दत्तराव अर्धे उठले. दादांनी त्यांचा गुडघा दाबून खाली बसवलं आणि बोटानं दाखवलं: एकच कडवं.

बाहेर माय उंबऱ्यात गहू निवडत होती.

“मास्तर हाय का?”

“तुमी कोण?”

“दिसंना का? जमादार.”

“टोपी दिसायलीय. खाली माणूस हाय का, ते बघायलेय.”

कुणीतरी शिपाई फिसकन हसला.

“बाई, बाजूला व्हा.”

“होते की. आधी बूट काढा. सकाळधरनं सारवायलेय, अजून ओलं हाय.”

“मास्तर कुठंय?”

“आंघोळ करायलेत. उघडे बघायचे आसतील तर जावा!”

सरजाबाईंची शेवटची ओळ संपली. टाळ्या सुरू होताच दादांनी पहिला टेप थांबवला. पुढे नावं होती. त्यांनी त्याच टेपची भरायची दोन बटणं एकदम दाबली, टेपवर ओणवे झाले आणि हलक्या, स्वच्छ आवाजात बोलले. काय ते मला नीट कळलं नाही. माझे कान बाहेर होते. मग ते गप्प बसून फीत पुढे जाऊ देत राहिले. एकेक नाव पुसलं जात होतं. बाहेर मायचा आवाज चढत होता, बुटांची खरखर उंबऱ्याशी आली होती. अखेर त्यांनी मान हलवली. दत्तरावांनी दुसऱ्या टेपमधली कॅसेट ओढून पिठाच्या पिशवीत खुपसली आणि मागच्या दारानं गेले.

दादांनी स्वतः पुढचं दार उघडलं आणि जुनी कॅसेट जमादाराच्या हातात ठेवली.

ते ठाण्यातून परत आले तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची बोटं मिटत नव्हती. दुसऱ्या कुणाच्या दारात जीप गेली नाही.

त्यानंतर कॅसेटवर कुणी नाव बोलेना. पुढे परभणीच्या दुकानांत दोन खणांची यंत्रं आली, मग रंगीत वेष्टनातल्या तयार कॅसेटी. बंद खोलीत गप्प बसायची कुणाला गरज उरली नाही. आमचे दोन्ही टेप माळ्यावर गेले.

नामांतर झालं त्याच्या आदल्या पावसाळ्यात दादा गेले. इतक्या लोकांचे आवाज भरून दिलेल्या माणसाचा स्वतःचा आवाज घरात कुठेच नव्हता. माय एकदाच म्हणाली, “कसे बोलायचे, ते इसरायलेय मी.” निदान दादांनी वाचवलेलं गाणं तरी तिला मिळावं म्हणून मी ते शोधू लागले. दत्तराव आधीच वारले होते. त्यांच्या मुलानं बोरीच्या सुलाबाईंचं नाव सांगितलं. सरजाबाईंचं गाणं त्यांच्याकडे असेल म्हणाला.

सुलाबाईंनी कॅसेट लावली. आवाज पार झिजलेला, ढोलकी पत्र्यावर वाजल्यासारखी. शेवटच्या कडव्यामागे अस्पष्ट मायचा आवाज आला: आधी बूट काढा. मग टाळ्या तुटल्या. त्या घाईत दुसरा टेप कुणी बंदच केला नव्हता.

“ही कॅसेट मी एकट्यानं भरली. पंडित मास्तर, पालम. कुणाकडून घेतली नाही, कुणाला दिली नाही.”

सुलाबाई हसल्या. “कोण हाय म्हाईत न्हाई, पण लय खोटा माणूस. धा हातांतून फिरून आमच्याकडं आली ही. त्याचं बोलणं पुसून टाकायचं काय कुणाच्या मनात आलं न्हाई.”

मी पिशवीतून कोरी कॅसेट काढली. मायसाठी एक हवी, एवढंच म्हणाले. सुलाबाईंनी शेजारून दुसरा टेप आणला, दोन्ही समोरासमोर ठेवले, घड्याळ उतरवून गोधडीत गुंडाळलं.

“आता आवाज करायचा न्हाई बरं का, बाई. सगळं उतरतंय त्यात.”

गाणं सुरू झालं. शेवटी काय येणार ते मला ठाऊक होतं. मी पदराचा बोळा करून दातांत धरला आणि बसले.