शुगरवाल्याला साखर

लोणखेड्यात कुणाला चटका बसला, कुणाचं नाक फुटलं, की डॉक्टरच्या आधी पितांबरआप्पा हजर होत. पायात कधी कधी दोन वेगवेगळ्या चपला असत, पण चेहऱ्यावर भरवसा पुरा असे. भाजलं? टूथपेस्ट लावा. नाकातून रक्त येतंय? मान मागे टाका. फिट आली? कांदा हुंगवा, कांदा नसला तर चप्पल. सत्तरीला टेकलेले आप्पा हे सगळं मनापासून करत. आणि लोक ऐकत, कारण आप्पा पळत येत. बाकीचे नुसते उभे राहत.

त्यांना अडवणारी एकच होती, मंतशा. कय्युमभाईची धाकटी मुलगी, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. कय्युमभाईचं शहाद्यात मोटार वायंडिंगचं दुकान. आप्पांच्या विहिरीवरची मोटार पहिल्यांदा जळाली तेव्हा दोघांची ओळख झाली, आणि पुढे मोटार ठीक असली तरी आप्पा दुकानात जाऊन बसू लागले. मंतशा त्यांच्या खांद्यावर बसून लोणखेड्याचा बाजार हिंडलेली. त्यामुळे ती त्यांना बोलू शकत होती.

या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी टाकताना दगूबाईंचा हात तापल्या खापराला लागला. आप्पा बायकोसाठी पेस्टची ट्यूब घेऊन धावले. पुरणपोळी खायला आलेली मंतशा मध्ये उभी राहिली.

"आप्पा, ती पेस्ट खाले ठेवा. काकू, हात नळखाले धरा."

"पेस्ट थंड लागस, पोरी!"

"वर थंड लागस, आत गरमी कोंडाई जास. पाणी सोडा. साधंच, बर्फ नको."

दगूबाईंनी निमूट हात नळाखाली धरला. पंधरा-वीस मिनिटं मंतशाने तो काढू दिला नाही. आप्पा ट्यूब हातात घेऊन ओट्यावर बसून राहिले. "मागला टाइमले तुम्हनी पेस्ट लाई तर केवढा फोड उना," दगूबाई म्हणाल्या. बोलण्यात राग नव्हता, पण आप्पांना लागायचं ते लागलं. त्या दिवशी त्यांनी एक पुरणपोळी कमी खाल्ली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी धडगावहून फत्तेसिंग गुरुजींचं बोलावणं आलं. गुरुजी नोकरीच्या काळात लोणखेड्यात आप्पांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत. संध्याकाळी तिघांची बैठक ठरलेली: आप्पा, कय्युमभाई आणि गुरुजी. आता गुरुजींच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं आणि दोघांनी यायचंच होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी दोघे शहाद्याच्या स्टँडवर भेटले. कय्युमभाई इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. जीप भरायला वेळ होता आणि समोरच्या गाड्यावर फाफडा-जलेबी उतरत होती. कय्युमभाईंनी जलेबीचा तुकडा हातात घेतला, तोच आप्पांनी तो काढून घेतला.

"तुले शुगर शे का नही?"

"अरे, सकायपासून चहाशिवाय काही नही पोटमा. गोळी खाईसन निंघनू."

"मंग ऱ्हाऊ दे रिकामं. गुरुजीना घरनं जेवण शे. भूक लई चल."

कय्युमभाईंना आठ-नऊ वर्षांपासून शुगर. त्यांच्या बायकोने, रजियाभाभींनी, घरात साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवलेला आणि घराबाहेरची राखण आप्पांकडे दिलेली. ती त्यांनी मन लावून केली होती. कुणाच्या बारशाचा पेढा असो की परीक्षेत पास झालेल्या पोराची बर्फी, कय्युमभाईंच्या वाट्याचं आप्पा स्वतः खाऊन टाकत. जलेबीचा तुकडाही त्यांनी तसाच तोंडात टाकला. कय्युमभाई हसले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

म्हसावद मागे पडलं, चढ सुरू झाला. खात्या नावाचा ड्रायव्हर गाडी जपून चालवत होता, पण घाटात पुढे एका ट्रकचा एक्सल तुटला होता आणि रस्ता अडला होता. दोन्हीकडून गाड्यांची रांग लागली. लोक उतरून सावली शोधू लागले. ऊन डोक्यावर आलं.

कय्युमभाई जीपमध्येच बसून होते. आधी त्यांनी आप्पांच्या एका प्रश्नाला उत्तर दिलं नाही. मग उगीच खात्यावर खेकसले. आप्पांना नवल वाटलं. एवढ्या वर्षांत कय्युमने गिऱ्हाइकावर आवाज चढवलेला त्यांनी ऐकला नव्हता.

"काय व्हयनं रे कय्युम?"

कय्युमभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अकील, कॉइल कोठे ठेवी?"

अकील म्हणजे त्यांचा मुलगा, तो शहाद्याला दुकानात होता. कय्युमभाईंचा सदरा पाठीला चिकटला होता, कपाळावरून घाम गळत होता, ओठ पांढरे पडले होते. हात थरथरत होते.

भोवती माणसं जमली. कुणी म्हणालं, पिऊन आलाय. कुणी म्हणालं, हार्ट अटॅक, छातीवर बुक्क्या मारा. घाट लागला असेल, असंही कुणी म्हणालं. एका दणकट माणसाने कय्युमभाईंच्या पायातली चप्पल काढून त्यांच्या नाकाला लावली. कय्युमभाईंनी मान फिरवली.

"थांबा, माले मालूम शे," आप्पा म्हणाले. "याले शुगर शे. शुगर वाढनी!"

त्यांना दुसरं काही सुचलं नाही. शुगरवाल्याला काही झालं म्हणजे शुगर वाढली, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कय्युमभाईंच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. गोळी फोडून तोंडाजवळ नेली तशी कय्युमभाईंनी एवढ्या जोराने हात झटकला की गोळी आणि पट्टी दोन्ही कठड्यापलीकडे दरीत गेली.

"ऐक ना रे मन्हं!" आप्पांचा आवाज फुटला.

"काका, घरी फोन लावा त्यांच्या," खात्या म्हणाला. "त्या वळणावर रेंज येते."

आप्पा वळणाकडे पळाले. धोतर सावरत, धापा टाकत. फोन रजियाभाभींनी उचलला. दोन शब्द ऐकले आणि त्या रडायलाच लागल्या. मग फोन मंतशाने घेतला.

"आप्पा, हळू सांगा. अब्बाले घाम येई ऱ्हायना का?"

"सदरा गच्च वल्ला. कायबी बोली ऱ्हायना. माले अकील म्हने!"

"सकाये गोळी खादी व्हती?"

"खादी व्हती."

"अन् नास्ता?"

गाड्यावरची जलेबी, कय्युमचा पुढे झालेला हात, सगळं आप्पांच्या डोळ्यांपुढे आलं. "नही कया," ते म्हणाले. "मी करू दिन्हा नही."

"आप्पा, आते ते ऱ्हाऊ द्या. शुगर वाढेल नही शे, उतरेल शे. लगेच साखर द्या."

"शुगरवालाले साखर? मंतशा, बाप शे तो तुन्हा!"

"म्हनीसनच सांगी ऱ्हायनी." तिचा आवाज थोडा हलला, पण थांबला नाही. "हाक मारी तर ओ देतस ना? पाणी गिळतस ना? मंग तीन-चार चमचे साखर पाणीमा घोळा. बसाडीसन घोट घोट पाजा. गोळी आजिबात नको. अन् आप्पा, बेशुद्ध पडनात, गिळता येत नसनं, तर तोंडमा काहीच टाकू नका. पाणीसुद्धा नही, सासनयीमा जास. कुशीवर वळाडा अन् एकशे आठले फोन लावा. समजनं?"

"समजनं."

"घाबरू नका, आप्पा. तुम्ही शेतस ना तठे."

तुम्ही आहात ना तिथे. हे वाक्य आप्पांनी आयुष्यभर लोकांच्या तोंडून ऐकलं होतं. आज पहिल्यांदा त्याचं वजन त्यांना पेलेना. ते परत पळाले.

जीपजवळ त्या दणकट माणसाने कय्युमभाईंना सीटवर आडवं केलं होतं, मान मागे टाकली होती आणि तोंडात बाटली ओतायच्या बेतात होता. त्याचा हेतू वाईट नव्हता. आप्पांनी त्याच्या जागी हेच केलं असतं.

"थांब भाऊ! आडवं नको, बसाड त्याले!" आप्पांनी कय्युमभाईंच्या पाठीमागे हात घातला आणि त्यांना छातीशी टेकवून बसवलं. "कय्युम. अरे कय्युम."

"हं," कय्युमभाई म्हणाले.

"पाणी पी. जरासं."

एक घोट गेला. गिळला. ठसका लागला नाही. आप्पांनी मान वर केली. "कोनजोडे साखर शे का? कोनजोडेबी?"

मागच्या सीटवर दिवलीबाई नावाची धडगावकडची बाई होती. तिने बाजाराची पिशवी उपसली. मिठाचा पुडा, साबण, चहापत्ती, आणि तळाशी साखरेची पिशवी. दाताने कोपरा फाडून तिने ती आप्पांपुढे धरली.

खात्याने त्याचा चहाचा पेला पाणी भरून आणला. पिशवीत हात घातला तरी आप्पांच्याने साखर ओतवेना. वर्षानुवर्षं ज्या माणसाच्या ताटातलं गोड त्यांनी उचललं होतं, त्यालाच ती मुठीने द्यायची? मग त्यांनी मूठभर साखर पेल्यात टाकली, ओल्या बोटांना चिकटलेले दाणेही आतच झटकले, बोटाने ढवळलं आणि पेला कय्युमभाईंच्या ओठाला लावला.

"आखो यक. आखो यक घोट."

पेला संपला. काही झालं नाही. आप्पा मनात देवाचं नाव घेत राहिले, आणि मध्येच कय्युमच्या देवाचंही घेतलं. ट्रकपाशी कुणी तरी ओरडत होतं. कय्युमभाईंचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं, त्या ओल्या केसांतून वायंडिंगच्या वार्निशचा वास येत होता. या वासाची आपल्याला किती सवय आहे हे आप्पांना आज कळत होतं.

मग हळूहळू थरथर कमी झाली. घाम थांबला. ओठांवर रंग आला. कय्युमभाईंनी डोकं उचललं, स्वतःच्या पायाकडे पाहिलं आणि विचारलं, "मन्ही एक चप्पल कोठे शे?"

तो दणकट माणूस ओशाळून पुढे झाला आणि त्याने चप्पल पायात घातली. खात्या हसला, दिवलीबाई पदर तोंडाला लावून हसली. आप्पा हसले नाहीत. ते उठून पुन्हा वळणाकडे चालू लागले, मंतशाला कळवायला.

परत फोन केला तेव्हा मंतशा म्हणाली, नुसत्या साखरेवर थांबू नका, पोटात काही तरी घाला, आणि दवाखान्यात दाखवल्याशिवाय सोडू नका, गोळीचा असर अजून आहे. दिवलीबाईने फडक्यातली भाकर काढली, वर मिरचीचा ठेचा. कय्युमभाईंनी ती अर्धी केली. अर्धी आप्पांना दिली. आप्पांनी नको म्हटलं तर म्हणाले, "तूबी सकायपासून काही खायेल नही शे." जलेबीचा तुकडा सोडला तर ते खरं होतं.

रस्ता मोकळा झाला. धडगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बोटाचं रक्त तपासलं, साखर जागेवर आली होती. तरी त्यांनी दुपारभर बसवून ठेवलं आणि मधून मधून तपासलं. जाताना कय्युमभाईंना सांगितलं की गोळी घेतली की जेवायचंच, आणि खिशात गोळ्यांबरोबर साखरेची पुडीही ठेवायची. मग आप्पांकडे वळून म्हणाले, "आणि यांना एकटं सोडू नका."

"कधी सोडं?" आप्पा म्हणाले.

बाहेर बाकड्यावर बसल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. "जलेबी मी हिसकायी तुन्हा हातमाईन. वरतून ती गोळी तुन्हा तोंडमा घाली ऱ्हायंतू. तू हात झटका नसता तर..."

"मी काय धाकला पोऱ्या शे?" कय्युमभाई म्हणाले. "गोळी मन्ही, पोट मन्हं. माले समजाले पाहिजे व्हतं. तू पळना ना?"

"पळनू."

"मंग झालं तर."

लग्नघरी पोहोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. फत्तेसिंग गुरुजी मांडवाच्या तोंडाशीच उभे होते, त्यांना कुणी तरी आधीच सांगितलं होतं. त्यांनी कय्युमभाईंना मिठी मारली आणि सोडेचनात. मग दोघांना समोर बसवून स्वतः वाढलं. आप्पांनी कय्युमभाईंच्या ताटातलं काहीही उचललं नाही. नुसतं बघत राहिले, प्रत्येक घास मोजल्यासारखे.

अंगणात मोठा ढोल वाजू लागला. बाया-पुरुषांनी एकमेकांच्या कमरेत हात घालून रांग धरली. गुरुजींनी दोघांना ओढलं. आप्पांना वाटलं कय्युम नाही म्हणेल, पण तो चप्पल काढून रांगेत शिरला. आप्पा घाईने त्याच्या शेजारी घुसले आणि त्याच्या कमरेत हात घालून त्यांनी सदरा मुठीत घट्ट पकडला.

"अरे, सोड जरा," कय्युमभाई हसत म्हणाले. "मी पडस नही आते."

"तू नाच," आप्पा म्हणाले. "मी धरेल शे."

ढोलाची चाल बदलली, रांग डावीकडे सरकली, आणि पावलं चुकवत दोघेही तिच्याबरोबर सरकले.