धुरांड्यावरचं सफरचंद

आमच्या गावात नवरी मिळते ती नेम मारून. नवरीचा बाप उंच काठीला सफरचंद बांधतो, नवरदेव ते बंदुकीने पाडतो, मगच दार उघडतं. समजूतदार बाप काठी बुटकी घेतात. मिलुतिनने मात्र आपल्या धुरांड्यावर पोपलरच्या झाडाचा अख्खा सोट उभा केला आणि त्याच्या शेंड्याला सफरचंद बांधलं.

"अरे, लग्न पोरीचं आहे की कावळ्यांचं?" मी कुंपणावरून विचारलं.

"नऊ वर्षांनी आलीये, स्ताना. थोडी थांबू दे."

मिलुतिन कौलं घालणारा. नऊ वर्षांपूर्वी बेलग्रेडला लेकीच्याच, यास्नाच्या, कॉलेजच्या छपरावर कामाला होता. ती तिथे घरांचे आराखडे काढायला शिकत होती. मैत्रिणींच्या घोळक्यात ती दिसली आणि त्याने वरून टोपी हलवली.

"कोण गं तो?"

"असेल कुणीतरी," यास्ना म्हणाली.

खालचं बोलणं छपरावर फार स्वच्छ ऐकू येतं. तेव्हापासून त्याने तिचा फोन उचलला नाही, आणि लाजेने तिचंही पाऊल गावाकडे वळलं नाही. आत्ता आली तीही नवऱ्याच्या आजीमुळे. घराणं डॉक्टरांचं, पण म्हातारीचा हट्ट एकच: नवरी न्यायची ती बापाच्याच दारातून. सकाळपासून बापलेक एवढंच बोलले होते, "साखर?" "नको."

नवरदेव लाझार डोळ्यांचा डॉक्टर. पहिल्या गोळीला माझ्या गोठ्यावरचा वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा पडला, दुसरी ढगात गेली, तिसरीने मिलुतिनचं कौल फोडलं. काडतुसं संपली. तुतारीवाले गप्प झाले.

"मला नव्वद झाली," आजी म्हणाली. "जरा लवकर आटपा."

मिलुतिन फुटकं कौल बघायला वर चढला तो आढ्यावरच बसून राहिला.

"बाबा, काढ ना ते सफरचंद!"

"नवरदेवाचं काम आहे."

यास्नाने सँडल भिरकावल्या, पांढरा झगा कमरेला खोचला आणि शिडीला हात घातला.

"तिसरं कौल सोड, सैल आहे!"

"माहितीये! मी पाच वर्षांची होते तेव्हापासून सैल आहे! जगाची छपरं घालतोस आणि स्वतःचं?"

वर पोचून तिने धुरांड्याला मिठी मारली. खाली साठ पाहुणे, साठ उघडी तोंडं.

"ऐका रे सगळे!" ती ओरडली. "टोपी हलवतोय ना, तो माझा बाबा!"

मिलुतिन टोपी हलवत नव्हता.

"हलव की," ती दातओठ खात पुटपुटली.

टोपी आधी डोळ्यांकडे गेली, मग हवेत.

त्याने सोट वाकवला, तिने सफरचंद तोडलं. "लाझार, नुसतं झेल!"

तेही त्याच्या हातून निसटलं. पडलं ते आजीच्या ओच्यात. दार उघडलं.

नवरी उतरायला मात्र तासभर गेला. मिलुतिन तिसरं कौल बसवत होता, आणि यास्ना हातोडी धरून त्याला तो कुठे चुकतोय ते सांगत होती.