भिंगरीच्या प्रवासाचा विषय

काही विचारलं की तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं, ही भिंगरीची खोड आजीला मुळीच खपत नसे. आठ महिने परदेशात सायकल हाणायची, तीही विमानाला शिवायचं नाही असा पण करून, समुद्र आडवा आला तर बोट, फारच झालं तर आगगाडी, एवढं सगळं ठरवून पोरगी मोकळी झाली होती. कशासाठी, ते मात्र तिलाच ठाऊक नव्हतं. सायकल मंडळाच्या फॉर्मवर ‘प्रवासाचा विषय’ हा रकाना अजून कोराच होता, आणि फॉर्म आज पाचच्या आत गेला नाही तर मंडळाचं शिफारसपत्र मिळणार नव्हतं. पत्र नाही तर व्हिसे नाहीत.

“विमानानं गेली असतीस तर पोचल्याचा फोन त्याच दिवशी आला असता,” आजी शिलाई मशीनवरून म्हणाली. गिऱ्हाइकांचे पडदे बाजूला सारून ती नातीच्या सायकलला अडकवायच्या कॅनव्हासच्या पिशव्या शिवत होती. जाऊ नकोस म्हणायचं आणि पिशव्याही शिवायच्या, असं सकाळपासून चाललं होतं. दोन सुया मोडल्या होत्या. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

“दीपस्तंभ,” भिंगरी म्हणाली. “किनाऱ्यानं जात जात सगळे दीपस्तंभ बघायचे.”

“तिथं राहतं कोण?”

“आता कुणी नाही. दिवे आपोआप लागतात.”

“म्हणजे पाय मोडला तर दिव्याला सांगायचं.”

“बरं, मग उंच घाट.”

“वर कोण बसलाय? तुझा मामा?”

“पडके पूल?”

“वा! निदान पडायची सोय तरी झाली.”

भिंगरी हसली नाही. आजीलाही हसू येत नव्हतं. पोरगी सुचवेल त्या विषयात माणूस म्हणून औषधाला नव्हता, आणि ते तिला मघापासून खुपत होतं.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा सायकलवाला चाक घेऊन आला. “मावशी, रिम बदललीय. आता दगडावरनं गेली तरी वाकायची नाही. पण नातीला समजवा जरा. मागच्या महिन्यात सरावाला गेली तेव्हा वाकलेलं चाक घेऊन रात्रभर भिजत बसथांब्यावर बसली. समोर दोन घरांत दिवे होते म्हणे. दार का नाही वाजवलं विचारलं, तर नुसती हसली.”

भिंगरीनं त्याला डोळ्यांनी खुणावलं, पण गडी बोलून गेला होता. चाक भिंतीला टेकवून त्यानं पाय काढता घेतला.

आजीनं मशीनवरचा पाय उचलला. “तू मैत्रिणीकडे होतीस ना? चार दिवस तापानं फणफणलीस, मी उशाशी बसले, तेव्हाही मैत्रीणच?”

भिंगरी भिंतीशी जाऊन नवं चाक फिरवून बघू लागली.

“दार का वाजवलं नाहीस?”

“काय सांगायचं त्यांना? मला घरात घ्या म्हणून?” भिंगरी उसळली. “तूच सांगत आलीस ना, कुणापुढे तोंड वेंगाडायचं नाही! शेजारणीकडून कधी चमचाभर साखरसुद्धा आणली नाही, हे तूच सांगत फिरतेस ना सगळ्यांना?”

सांगत फिरत होतीच आजी. नवरा गेला तेव्हाही कुणाचं काही घेतलं नाही, याची टिमकी तिनं लग्नाबारशांत वाजवली होती. आता तिला दिसत होता तो परक्या मुलखातला रस्ता, उजेडाची खिडकी, आणि बाहेर तापानं कुडकुडत, मान ताठ ठेवून बसलेली ही पोरगी. मान तर थेट आजीचीच.

घड्याळात सव्वाचार झाले होते. तिनं फॉर्म ओढून नातीपुढे सरकवला.

“लिही. रोज संध्याकाळी एका अनोळखी दारात जायचं आणि काहीतरी मागायचं. पाणी, मीठ, पाठ टेकायला जागा. कुणी काय दिलं, कुणी हाकललं, सगळं टिपून आणायचं. हा तुझा विषय.”

“आजी, ही भीक झाली.”

“भीक झाली तर झाली! तुला मान ताठ ठेवायला शिकवलं ती माझी चूक झाली. चूक झाली असं मी आयुष्यात दुसऱ्यांदा म्हणतेय, पहिल्यांदा कधी ते विचारू नकोस. दार वाजवणार असशील तर जा, मी अडवणार नाही. नसशील, तर या पिशव्या आत्ता तुझ्यासमोर उसवते.”