साहेबांनी पुसलेली टेप

मित्रांनो, जरा जवळ या. माझा आवाज आता खरखरतो. मी चौकशी कार्यालयातला एक जुना टेपरेकॉर्डर आहे.

नवाकोरा होतो, तेव्हा चौकशी अधिकारी मला काखेत घालून सगळीकडे फिरत. आगी, अपघात, भांडणं, सगळ्यांचे जबाब मी टिपून घ्यायचो. "हा गडी एक शब्द गाळत नाही," साहेब म्हणायचे, आणि मी आतल्या आत फुगायचो.

मग ते दिव्यांचं प्रकरण आलं. रिकामी बस डेपोत नेताना धरणाजवळच्या पुलावर एका चालकाला आकाशात दिवे दिसले. त्यांनी पुलावरच बस थांबवली. मागे गाड्यांची रांग लागली. लोक हॉर्न वाजवत राहिले. वर मात्र कुणी पाहिलंच नाही. तक्रार गेली की चालक प्यायलेला होता. बसवाल्या काकांची नोकरी आता साहेबांच्या अहवालावर होती.

जबाबासाठी आम्ही त्यांच्या घरी गेलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला ठेवलं. दिवस मावळत होता. काका सांगत होते आणि मधेच थबकले. मला डोळे नाहीत. मी फक्त ऐकलं. खुर्ची सरकली. कप बशीवर आदळला.

"साहेब, ते दिवे तुम्हालाही दिसतायत ना?"

"हो. अहो... हो!"

त्या "हो"मध्ये लहान मुलाचा आनंद होता. दुसऱ्याच क्षणी त्यांनी माझं बटण दाबून मला बंद केलं.

कार्यालयात प्रकरण ऐकून वरिष्ठ हसत म्हणाले, "दिवे तुम्हीही बघितले असतील, तर तुमचीही तपासणी करून घेऊ." साहेब आपल्या खोलीत गेले. दार लावून त्यांनी टेप मागे नेली आणि त्या जागेवर कोरा आवाज भरला. जपणं हे माझं काम, पण पुसलंही माझ्याच हातून. अहवालात लिहिलं गेलं: दृष्टिभ्रम.

काकांची बस गेली. त्यांना डेपोच्या कोठारात नटबोल्ट निवडायला बसवलं. पोरं त्यांना उडत्या तबकडीवरून 'तबकडीकाका' म्हणू लागली. साहेबांनी मला कपाटात टाकलं. जबाब घ्यायला ते दुसरं यंत्र नेऊ लागले. माझ्याकडे बघणं त्यांना जमत नसावं.

खूप दिवसांनी त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली आणि ते पुन्हा त्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं.

"आता आणखी काय विचारायचं राहिलंय?"

"विचारायचं नाही, वहिनी. सांगायचंय."

त्यांनी मला सुरू केलं. "मी चौकशी अधिकारी बोलतोय. दिवे मीही पाहिले. टेप मीच पुसली. घाबरलो होतो."

आत बसलेले काका पुढे आले. मग हळूच म्हणाले, "कसले होते हो ते दिवे?"

"नाही माहीत."

"मलाही नाही. तेवढंच तर मी म्हणत होतो."

साहेबांनी ती टेप स्वतः वरिष्ठांकडे नेली आणि त्याची शिक्षाही भोगली. काकांच्या नावावरचा डाग गेला. पण तोवर त्यांची नजर खरोखरच अधू झाली होती. बस काही परत मिळाली नाही. साहेब आजही त्यांच्याकडे जातात. काकू चहा देतात, पण साहेबांशी बोलत नाहीत.

मित्रांनो, माझी काळजी नाही घेतलीत तरी चालेल. पण कुणी काही वेगळं पाहिल्याचं सांगू लागला, आणि तुम्हीही ते पाहिलं असेल, तर त्याला एकटं पाडू नका. तिथल्या तिथे "हो" म्हणा.